“मी नुसतं लिहिते” : एका प्रकरणाचा अभ्यास

प्रकरण एका बाईंचं आहे. वय चाळिशीच्या पुढे. नोकरी एका मोठ्या रुग्णालयात, केसपेपर काढण्याच्या खिडकीवर. घरी नवरा, शाळा-कॉलेजात जाणारी दोन मुलं आणि नजर अधू होत चाललेल्या सासूबाई. गेली अनेक वर्षं त्या रात्री झोपण्याआधी डायरीत लिहीत आल्या आहेत. मी चालवते त्या लेखनगटात त्या आल्या, तेव्हा बरेच दिवस मागच्या खुर्चीत बसून नुसतं ऐकत होत्या. ओळख करून द्यायची वेळ आली की म्हणायच्या, “ताई, मी लेखक वगैरे नाही हं. मी नुसतं लिहिते.” हा अभ्यास त्यांच्या संमतीने लिहिला आहे, त्यांनी तो वाचलाही आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

असं म्हणणारी माणसं गटात कायम येतात. यांचं प्रकरण मी नोंदवून ठेवलं, कारण अडचण वेळेची आहे हे त्यांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि गटातल्या बहुतेकांनी धरूनच चाललं होतं. वेळ तेव्हाही कमी होता आणि आजही तेवढाच कमी आहे. बदललं ते दुसरंच काहीतरी.

त्यांनी मांडलेला प्रश्न

त्यांचा हिशेब सरळ होता. वेळ नाही म्हणून धड लेखन होत नाही, आणि धड लेखन होत नाही म्हणून मी लेखक नाही. मुलं मार्गी लागली, निवृत्ती मिळाली, की मग बसून लिहीन. तोवर डायरी.

पाळीची नोकरी काय असते हे ज्याला ठाऊक आहे तो याला सबब म्हणणार नाही. आठवडा सकाळचा, आठवडा दुपारचा, मध्येच रात्रपाळी. “पहाटे उठून लिहीत जा” हा सल्ला त्यांना पूर्वी कुणीतरी दिला होता आणि तो न जमल्याचं ओझं त्या वागवत होत्या. रात्रभर खिडकीवर बसून आलेल्या माणसाला पहाटे उठायला सांगणं निरर्थक आहे.

या सल्ल्यामागे बहुतेक वेळा अँथनी ट्रोलॉप उभा असतो. टपालखात्यात नोकरी करत सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिणारा इंग्रज लेखक. १८३४ साली नोकरीला लागला, १८६७ साली राजीनामा दिला, आणि यातली कितीतरी वर्षं रोज पहाटे साडेपाचला टेबलाशी बसून, समोर घड्याळ ठेवून, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द असं लिहीत राहिला. ही गोष्ट सांगताना लोक तिचा उरलेला भाग सोडून देतात. ट्रोलॉपला उठवायला एक म्हातारा नोकर होता आणि त्या कामासाठी तो त्याला वर्षाला पाच पौंड जास्तीचे देत असे. हस्तलिखितांच्या स्वच्छ प्रती करायला पत्नी रोझ होती. माझ्यासमोरच्या बाईंच्या घरात सगळ्यांना उठवायचं काम त्यांचंच होतं. ट्रोलॉपची शिस्त मला खरोखर मोठी वाटते, पण यांच्या प्रकरणात तिचा उपयोग नव्हता.

जवळचं उदाहरण अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांचं. प्रकाशनसंस्थेत संपादकाची पूर्णवेळ नोकरी, दोन लहान मुलगे, नवरा सोबत नाही. पहिली कादंबरी आली १९७० साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. मुलं जागी व्हायच्या आधी लिहायचं, ही त्यांची सवय गरजेतून लागली होती. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पुस्तकं छापली जात असतानाही आपण कितीतरी वर्षं स्वतःला लेखक म्हणत नव्हतो, लिहिणारी संपादक किंवा लिहिणारी शिक्षिका म्हणत होतो, असं मॉरिसन यांनी सांगितलं आहे. तिसऱ्या कादंबरीनंतर कुठे तो शब्द त्यांच्या तोंडी आला. म्हणजे पुस्तक छापून आलं की ओळख आपोआप मिळते, असंही नाही. मग ती येते कुठून, हा प्रश्न घेऊन मी बाईंच्या डायऱ्या मागितल्या.

डायऱ्यांत काय सापडलं

त्यांनी दोन पिशव्या भरून वह्या आणल्या. जुन्या वर्षांच्या डायऱ्या, मुलांच्या वह्यांची उरलेली पानं, कोऱ्या फॉर्मांच्या मागच्या बाजू. पहिली गोष्ट लगेच दिसली : या बाई भरपूर लिहीत होत्या. त्यांच्यासारखा संसार सांभाळणाऱ्या कुणाहीपेक्षा जास्त. “लेखन होत नाही” हे विधान वह्यांनीच खोडून काढलं.

दुसरी गोष्ट कळायला थोडा वेळ लागला. कुठल्याही पानावर खाडाखोड नव्हती. शाई बदललेली नव्हती, समासात नंतर काही लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक मजकूर ज्या रात्री सुरू झाला त्याच रात्री संपला होता, आणि संपताना एखाद्या समजुतीच्या वाक्यावर येऊन थांबला होता. शेवटी ज्याचं त्याचं नशीब. माणुसकी अजून जिवंत आहे. दिवस जातात, आठवणी राहतात. ते वाक्य आलं की वही बंद व्हायची आणि ते पान पुन्हा कधीच उघडलं जायचं नाही.

मी विचारलं, “यातलं एखादं परत वाचलंत कधी?” त्या चकितच झाल्या. “परत कशाला? मनात होतं ते उतरलं ना.”

मनातलं उतरवणं हे फार चांगलं काम आहे. दिवसातून पंधरा मिनिटं, असे चार दिवस मनातलं कठीण ते लिहून काढल्याने काय होतं, याचा प्रयोग मानसशास्त्राचे अभ्यासक जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केला आणि त्यावर पुढे पुष्कळ संशोधन झालं. पण तिथे लिहिणाऱ्याचं काम लिहून झालं की संपतं. मजकूर कुणी वाचला नाही, फाडून टाकला, तरी चालतं. बाईंच्या डायऱ्या याच जातीच्या होत्या. त्यांनी त्यांना तारलंही असेल. पण त्यातून लेखक असण्याची जाणीव येणार नव्हती, मग त्यासाठी रोजचे चार तास मोकळे मिळाले असते तरी.

नातं : इतर

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग वह्यांच्या बाहेर सापडला. बैठक संपल्यावर आम्ही दारातच उभ्या होतो आणि त्या कामावरचं सांगत होत्या.

केसपेपरवर काही रकाने असतात. नाव, वय, पत्ता, सोबत कोण, नातं. त्या म्हणाल्या, वय विचारलं की म्हातारी माणसं सोबतच्याकडे बघतात, जणू ते त्याच्याकडे ठेवायला दिलंय. पत्ता विचारला की भाड्याने राहणारी माणसं आधी थांबतात, मग सांगतात. पण सगळ्यात जास्त वेळ लागतो तो नात्याच्या रकान्याला. मुलगा, सून, पत्नी हे पटकन येतं. बाकीच्यांचं येत नाही. एकदा एका आजारी वृद्धांना घेऊन एक बाई आल्या. नातं विचारलं तर म्हणाल्या, “कुणी नाही. म्हणजे, मी त्यांच्याकडे कामाला होते.” होते. काम सुटून काही वर्षं झाली होती. मागे रांग होती. यांनी रकान्यात ‘इतर’ लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. थोड्या वेळाने त्या बाई परत खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, “ते नात्याचं काय लिहिलंत?”

हे सांगताना त्यांचा आवाज, थांबे, रांगेतल्या माणसांची चुळबुळ, सगळं जागच्या जागी होतं. मी विचारलं, हे लिहिलंय का कुठे? लिहिलं होतं. वही शोधून काढली. त्यात होतं : “आज एका वृद्धाची निःस्वार्थ सेवा करणारी स्त्री पाहून मन हेलावून गेलं. रक्ताच्या नात्यापेक्षा माणुसकीचं नातं श्रेष्ठ.”

खिडकी गेली, रांग गेली, ‘होते’ गेलं, ‘इतर’ गेलं, बाईंचं परत येणं गेलं. राहिलं ते कुणीही, कुठेही, कुणाहीबद्दल लिहू शकेल असं वाक्य. लिहायला बसलं की त्या आपली नोकरी बाजूला ठेवत आणि साहित्यिक वाटणारी भाषा अंगावर घेत. त्यांच्या मनातल्या लेखकाला खिडकी नव्हती, रकाने नव्हते. रोजचं जगणं हा लेखनातला अडथळा, अशी त्यांची इतकी पक्की समजूत होती की तो अडथळा बाहेर ठेवूनच त्या कागदाशी बसत. आणि त्यांना खरोखर जे ठाऊक होतं ते सगळं त्या अडथळ्यातच होतं.

पान पुन्हा उघडणं

नवीन काही लिहू नका, असं मी सांगितलं. तेच पान दुसऱ्या दिवशी उघडा आणि दारात उभ्या राहून सांगितलं तसं लिहा. मग तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडा.

त्यांची पहिली हरकत अर्थातच वेळेची होती, आणि इथेच एक उपयोगी गोष्ट हाती लागली. ती त्यांनी शोधली, मी नाही. त्यांच्या लक्षात आलं की कोऱ्या कागदावर सुरुवात करायला सलगपणा लागतो, पण आधी लिहिलेल्यातलं एक वाक्य सुधारायला तो लागत नाही. ते वाक्य डोक्यात घेऊन फिरता येतं. बसमध्ये उभं राहून, कपडे वाळत घालताना, दोन रुग्णांच्या मध्ये. ‘मन हेलावलं’ काढलं तर तिथे काय येईल, एवढाच प्रश्न घेऊन त्यांनी एक अख्खी पाळी काढली आणि घरी येऊन दोन ओळी लिहिल्या.

सलग वेळेचं आकर्षण फार जुनं आणि फार ताकदीचं आहे. फ्रान्झ काफ्का प्रागमध्ये कामगार अपघात विमा संस्थेत नोकरी करत होता. १९१२ साली २२ सप्टेंबरच्या रात्री दहा वाजता तो लिहायला बसला आणि सकाळी सहापर्यंत एका बैठकीत एक पूर्ण कथा लिहून उठला. लिहायचं तर असंच, अशी नोंद त्याने डायरीत केली. तशी रात्र पुन्हा पुन्हा मिळावी ही त्याची तळमळ त्या डायऱ्यांत जागोजागी दिसते. त्याच्या तिन्ही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. कारणं अनेक होती, आजारपण होतं, स्वतःविषयीचा कठोरपणा होता. पण एकाच दमात पूर्ण झालेलं तेच खरं, या श्रद्धेने लांब कामाची वाट सोपी केली नसणार असं मला वाटतं. काफ्काला ती श्रद्धा परवडली असेल. पाळीची नोकरी करणाऱ्या माणसाला ती वर्षानुवर्षं गप्प बसवते.

हळूहळू वहीत खाडाखोड दिसू लागली. ‘इतर’च्या मजकुरात रांग आली, रांगेतला घाई करणारा माणूस आला. समजुतीचं शेवटचं वाक्य जायला सर्वांत जास्त दिवस लागले. ते काढलं की त्यांना उघडं पडल्यासारखं वाटायचं.

याच काळात त्यांच्या बोलण्यात एक फरक पडला. “मी काल जे लिहिलं” च्या जागी “तो मजकूर” असं येऊ लागलं. मजकूर आता त्यांच्यापासून जरा वेगळा, टेबलावर ठेवून चारी बाजूंनी बघता येईल असा झाला होता. माझ्या मते ओळख बदलली ती इथे. मनातलं उतरवणाऱ्याची जबाबदारी स्वतःशी असते. दुसऱ्यांदा पान उघडणाऱ्याची जबाबदारी वाचणाऱ्याशी असते. त्याला रांग दिसते का, त्याला ‘होते’ ऐकू येतं का, हे पाहावं लागतं. ती जबाबदारी जो घेतो त्याला मी लेखक म्हणते, छापून आलेलं असो वा नसो.

घर

वाचक कोण, हा प्रश्न घरातच सुटला. सासूबाईंना वाचता येईनासं झाल्यापासून या रोज त्यांना काहीतरी वाचून दाखवत. एक दिवस, कुणाचं आहे ते न सांगता, त्यांनी आपला मजकूर वाचला. सासूबाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग ती पुढच्या खेपेला आली का गं?” या प्रश्नाने दुसऱ्या खर्ड्याचा शेवट बदलला. आमच्या गटातल्या कुणीही इतकं नेमकं विचारलं नव्हतं.

बाकी घर इतक्या सहज वळलं नाही. तोवर लिहिणं हे सगळी झोपल्यावर, चोरून केल्यासारखं चालायचं, त्यामुळे घरच्यांच्या लेखी ते अस्तित्वातच नव्हतं. आता त्या दिवसाउजेडी “मी लिहायला बसतेय” असं सांगून बसू लागल्या. मुलाने विचारलं, “आई, तू काय लेखिका आहेस का?” त्याने सहज विचारलं होतं, पण त्यांना ते लागलं, आणि आठवडाभर त्या पुन्हा रात्रीच्या दिव्याकडे वळल्या. नवऱ्याची काळजी वेगळी होती : उद्या आपल्या घरातलं बाहेर येईल. ती काळजी मला रास्त वाटली. दोघांनी बसून ठरवलं की मुलांबद्दल त्यांना विचारल्याशिवाय लिहायचं नाही आणि घरातल्या भांडणाला हात लावायचा नाही. एवढं ठरल्यावर नवऱ्याने दुपारचा अर्धा तास घरचं सांभाळायचं कबूल केलं. तो अर्धा तास रोज मिळतो असं नाही.

दुसऱ्यांचं दुःख कुणाचं?

खिडकीवर ऐकलेलं लिहिता येतं का? रुग्णाची माहिती गोपनीय असते आणि ती सांभाळणं हे त्यांच्या नोकरीचं बंधन आहे. हा प्रश्न बाईंनी स्वतः काढला आणि त्यावर आम्ही बराच काळ घालवला.

विल्यम कार्लोस विल्यम्स हे अमेरिकन कवी न्यू जर्सीतल्या रदरफर्ड गावी चाळीस वर्षांच्या आसपास डॉक्टरकी करत होते. टाइपरायटर दवाखान्याच्या टेबलात बसवलेला होता. फळी ओढली की यंत्र वर, रुग्ण आला की वाक्य अर्धं टाकून यंत्र आत. रुग्णांच्या घरांतून आणि बोलण्यातून त्यांचं लेखन उभं राहिलं. पण विल्यम्स यांचा काळ वेगळा, आणि डॉक्टरचं स्थानही वेगळं. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने त्यांचा दाखला देऊन मोकळं होणं बरोबर नाही.

शेवटी बाईंनी स्वतःचा नियम केला. नाव, आजार, तारीख, गाव यातलं काही येणार नाही, माणसांची वयं आणि नाती बदलतील, आणि कागदपत्रांतून कळलेलं काहीही वापरायचं नाही. खिडकीत आपण उभ्या होतो म्हणून जे दिसलं आणि आपल्याला जे वाटलं तेवढंच आपलं. मी त्यात एक कसोटी घातली : तपशील बदलल्यावर मजकूर कोसळत असेल, तर तो दुसऱ्याच्या खासगी गोष्टीवर उभा होता, तो सोडून द्यावा. अशाने दोन मजकूर सोडले. त्यातला एक फार चांगला होता.

खंड

मग सासूबाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया आली, पाठोपाठ मुलीची परीक्षा, आणि लेखन दोन महिने थांबलं. एरवी अशा खंडानंतर माणसं गटात परत येत नाहीत.

सवय २१ दिवसांत लागते आणि एक दिवस चुकला की सगळं वाया, हे लोकांच्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांचा अभ्यास करून २०१० साली तो प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत पसरला होता, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तो अभ्यास खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या साध्या सवयींचा होता, लेखनाचा नाही, आणि दोन महिने म्हणजे एखादा दिवस नव्हे. तरी स्वतःला बोल लावणाऱ्या माणसाला मी तो आवर्जून सांगते.

बाई परत आल्या त्या अर्धवट खर्ड्याच्या ओढीने. सासूबाईंबरोबर त्या दोन महिने खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या होत्या, आणि ‘नातं’ विचारलं गेलं तेव्हा ‘सून’ म्हणताना आपणही क्षणभर थांबलो, हे त्यांना नोंदवायचं होतं. खंडाच्या आधीच्या बाईंनी ते एका रात्रीत डायरीत टाकून संपवलं असतं. आता ते ‘इतर’च्या मजकुरात कुठे बसेल याचा त्या विचार करत होत्या.

सध्या

तो मजकूर एका मासिकाकडे गेला आणि साभार परत आला. त्यांनी तो पुन्हा उघडला, पहिलं पान अनावश्यक आहे असं ठरवलं आणि काढून टाकलं. अजून तो कुठे छापलेला नाही. ओळख करून देताना त्या आता “केसपेपर काढते आणि लिहिते” एवढं सांगतात.

आमच्यात एक मतभेद शिल्लक आहे. वृद्धांना घेऊन आलेल्या त्या बाईंचा चेहरा मजकुरात कुठेच नाही, आणि वाचकाला तो हवा, असं माझं म्हणणं आहे. मी दोन ओळी सुचवल्याही. त्यांनी त्या वाचल्या आणि नाकारल्या. म्हणाल्या, “ताई, आमची खिडकी खाली आहे. मला तिचे हातच दिसत होते. चेहरा घातला तर मी तिथे नव्हते असं होईल.” मला चेहरा अजूनही हवासा वाटतो. दुसऱ्या मासिकाकडे मजकूर गेला आहे तो मात्र त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, हातांसह.